खारी, खंडी आणि घनता : जुन्या मापांच्या वाचनाचें परीक्षण

जुन्या कागदांतील धान्याचे आंकडे वाचतांना एक चूक इतक्या सहजपणें होते कीं, ती चूक आहे हें वाचणाराच्या ध्यानांतहि येत नाहीं. कागदांत ‘भात १ खंडी’ असें लिहिलेलें असतें. वाचणारा कोष्टक काढतो. ८० तोळ्यांचा शेर, ४० शेरांचा मण, २० मणांची खंडी, असा गुणाकार करतो, तोळ्याचे ग्रॅम करतो, आणि ७४६ किलोग्रॅम असा आंकडा छापून मोकळा होतो. गुणाकारांत दोष नसतो. दोष असतो तो त्याच्या आधीं. तें भात कोणीं तोललेंच नव्हतें, तें मापलें होतें. माप आणि तोल यांना जोडणारा दुवा म्हणजे पदार्थाची घनता होय. आणि तो दुवा न तपासतां केलेलें रूपांतर इतिहासाचें साधन म्हणून स्वीकारतां येणार नाहीं, असें आमचें मत आहे. प्रस्तुत लेखांत या मताचीं कारणें देऊन, या विषयाचा आपल्याकडील सर्वांत प्रसिद्ध ग्रंथ जी ‘लीलावती’, तिच्या राशिव्यवहार या प्रकरणाचें त्या दृष्टीनें परीक्षण करण्याचें योजिलें आहे.

उदाहरणासाठीं आम्हीं रायगड जिल्ह्यांतील निडी हें ठिकाण घेतों. नागोठणें व रोहें यांच्या दरम्यान निडी आहे. पनवेल-रोहें लोहमार्गावर याच दोन स्थानकांमध्यें निडीचें स्थानक लागतें. नागोठण्याशीं अंबा नदी, रोह्याशीं कुंडलिका, आणि मधला सारा मुलूख भातशेतीचा. वायव्येस पेणच्या खाडीकडे गेलें म्हणजे मिठागरांचा प्रदेश. अशा गांवच्या जुन्या व्यवहारांत भात, तांदूळ आणि मीठ हे तीन जिन्नस प्रमुख असणार हें उघड आहे. हे तिन्ही जिन्नस मापानें दिले-घेतले जात आणि तिन्हींची घनता भिन्न. म्हणून एकाच पायलीनें भरलेल्या या तीन जिन्नसांचें वजन काय येतें, हा प्रश्न निडीच्या खळ्यावर जितका सोपा आहे तितकाच संशोधकाच्या मेजावर अवघड होऊन बसला आहे.

घनता म्हणजे ठराविक जागेंत मावणाऱ्या पदार्थाचें वजन. वजनास घनफळानें भागिलें कीं घनता मिळते. पाण्याचा एक लिटर एक किलोग्रॅम भरतो, म्हणून पाण्याची घनता १ धरण्याचा प्रघात आहे. आतां एक भांडें घ्यावें. तें रिकामें तोलावें आणि मग पाण्यानें कांठोकांठ भरून तोलावें. दोहोंतील अंतर ४ किलोग्रॅम आलें तर भांडें ४ लिटरांचें. तेंच भांडें कोरडें करून भातानें सपाट भरलें आणि भाताचें वजन २.३ किलोग्रॅम आलें, तर २.३ भागिलें ४, म्हणजे ०.५७५ ही त्या भाताची घनता झाली. तांदूळ भरले आणि ३.२ किलोग्रॅम आले, तर ०.८०. भाताची घनता साधारणपणें ०.५५ ते ०.६० आणि तांदुळाची ०.७५ ते ०.८५ यांच्यामध्यें येते. जाड मिठाचें तेंच भांडें ४ किलोग्रॅमांहून कांहींसें अधिकच भरतें.

येथें एक भेद ध्यानांत ठेवणें अवश्य आहे. तांदुळाचा दाणा पाण्यांत बुडतो. म्हणजे दाण्याची स्वतःची घनता १ हून अधिक आहे, ती सुमारें १.४५ भरते. मिठाच्या खड्याची तर २.१६ आहे. तथापि भांड्यांत नुसते दाणे नसतात. दाण्यांमधील पोकळींत हवा असते, आणि भाताच्या बाबतींत टरफलाच्या आंतहि ती असते. मापांत भरलेल्या धान्याची जी घनता ती राशीची होय, कणाची नव्हे. कोष्टकांतून कणाची घनता उचलून ती पायलीस लावणें ही पहिल्या चुकीवर रचलेली दुसरी चूक होईल.

आतां ‘लीलावती’कडे वळूं. भास्कराचार्यांनीं शके १०७२ (इ. स. ११५०) मध्यें सिद्धान्तशिरोमणि रचिला, ‘लीलावती’ हा त्याचाच पाटीगणिताचा भाग होय. या ग्रंथाचा आमच्या उदाहरणाच्या प्रदेशाशीं जवळचा संबंध आहे. कारण त्यावरील ‘बुद्धिविलासिनी’ ही विख्यात टीका मुरूडजवळील नांदगांवचे गणेश दैवज्ञ यांनीं शके १४६७ मध्यें लिहिली, आणि नांदगांव आज निडीच्याच जिल्ह्यांत मोडतें.

ग्रंथाच्या आरंभींच्या परिभाषेंत भास्कराचार्य धान्याचें माप घनफळानेंच बांधून देतात. एक हात लांब, एक हात रुंद व एक हात खोल असें जें पात्र, त्यांत मावेल तेवढ्यास मगधदेशांत खारी म्हणतात. खारीचा सोळावा भाग द्रोण, द्रोणाचा चौथा आढक, त्याचा चौथा प्रस्थ आणि त्याचा चौथा कुडव. या मालिकेंत तोलाचें नांवहि नाहीं. सोन्याचीं गुंज, माष, कर्ष हीं वजनें वेगळीं सांगितलीं आहेत, आणि त्या दोहोंमध्यें कोठेंहि पूल बांधलेला नाहीं.

पुढें राशिव्यवहारांत जमिनीवर ओतलेल्या धान्याच्या राशीचें माप काढण्याची रीत येते. राशीच्या परिघाचा सहावा भाग घेऊन त्याचा वर्ग करावा व तो उंचीनें गुणावा, म्हणजे घनहस्त, अर्थात् खारी, मिळतात. उंची मोजण्याचीहि गरज नाहीं. जाड धान्याची उंची परिघाच्या दहाव्या भागाइतकी, बारीक धान्याची अकराव्या भागाइतकी, आणि कुसळाच्या धान्याची नवव्या भागाइतकी धरावी. परिघ ६० हात असतां जाड धान्याच्या ६०० खारी येतात, बारीक धान्याच्या ५४५ पूर्णांक ५ अकरांश, आणि कुसळाच्या धान्याच्या ६६६ पूर्णांक २ तृतीयांश.

या रीतीवर दोन आक्षेप घेण्यासारखे आहेत. पैकीं एक खरा आहे व दुसरा आमच्या मतें खोटा आहे. खरा आक्षेप असा कीं, येथें परिघ व्यासाच्या तिप्पट धरिला आहे. त्याच ग्रंथांत आचार्यांनीं ३९२७ : १२५० हें सूक्ष्म आणि २२ : ७ हें स्थूल प्रमाण दिलें असतां, राशीच्या हिशेबांत त्याहूनहि स्थूल प्रमाण कां घेतलें, असा प्रश्न उत्पन्न होतो. सूक्ष्म गणितानें पाहतां ६०० खारींची रास खरोखर सुमारें ५७३ खारींची भरते. म्हणजे रीत पावणेपांच टक्क्यांच्या आसपास अधिक सांगते. परंतु खळ्यावरील राशीचा परिघ दोरीनें घेतांना याहून मोठी चूक होणें अशक्य नाहीं. तेव्हां व्यवहारासाठीं सोपेपणा पत्करला असें म्हणून हा दोष सौम्य करतां येईल.

खोटा आक्षेप असा येऊं शकतो कीं, आचार्यांस धान्यांच्या जडपणांतील भेद ठाऊक होता, पण त्यांनीं तो चुकीच्या अंकांनीं दाखविला. मोहरीस अकरावा भाग व भातास नववा, हें उलटेंच नव्हे काय? या आक्षेपाचें मूळ अंकांचा अर्थ न कळण्यांत आहे. ते अंक घनतेचे नव्हत, उताराचे आहेत. दहाव्या भागाच्या राशीची बाजू जमिनीशीं सुमारें ३२ अंशांचा कोन करते, अकराव्या भागाची ३० अंशांहून किंचित् कमी, आणि नवव्या भागाची जवळजवळ ३५ अंशांचा. बारीक गोल दाणा घरंगळून खालीं जातो, म्हणून त्याची रास बसकी. कुसळाचा दाणा दाण्यास अडकतो, म्हणून त्याची रास उभी. हें निरीक्षण इतकें नेमकें आहे कीं तें खळें पाहिल्यावांचून सुचलेलें नाहीं. परंतु त्याचा संबंध रास किती जागा व्यापते एवढ्याशींच आहे; ती किती भार भरते याविषयीं ग्रंथ मौन धरतो.

या मौनाचा परिणाम आंकड्यांत पाहण्यासारखा आहे. हात १८ इंचांचा धरिला तर एक खारी सुमारें ९५.६ लिटर होते. वर घेतलेल्या घनतेनें एक खारी भात ५५ किलोग्रॅम, एक खारी तांदूळ ७६ किलोग्रॅम, आणि एक खारी मीठ १०० किलोग्रॅमांच्या निश्चित वर. खारी एकच, वजनें तीन. मग ‘एक खारी म्हणजे किती किलोग्रॅम’ या प्रश्नास, जिन्नस सांगितल्याशिवाय, उत्तरच नाहीं.

घनतेचें ज्ञान त्या काळीं कोणास नव्हतें, अशी समजूत होऊं नये म्हणून एक गोष्ट नमूद करतों. अल्-बीरूनीनें धातु व रत्नें यांचें सापेक्ष भारमान अकराव्या शतकांतच काढलें होतें. अबुल फज्लच्या ‘आईन-इ-अकबरी’ंतहि समान आकाराच्या धातूंचे भार दिले आहेत : सोनें १०० धरिलें असतां पारा ७१, शिसें ५९, रुपें ५४, लोखंड ४०. आधुनिक मापनाशीं ताडून पाहतां यांत फार तर एका अंकाचा फरक पडतो. आणि विशेष हें कीं, याच अबुल फज्लचा वडील बंधु फैजी यानें इ. स. १५८७ मध्यें ‘लीलावती’ फारसींत आणिली. एकाच घरांत एका भावाच्या ग्रंथांत घनता होती व दुसऱ्याच्या ग्रंथांत घनफळ. पण तीं एकमेकांस भेटलीं नाहींत. घनतेचा उपयोग सराफास होता, खोट्या नाण्याची पारख करण्यासाठीं. धान्य मापणारास तिची अडचण भासत नव्हती. तो मापूनच घेई आणि मापूनच देई. अडचण आम्हांस आहे, कारण आम्ही त्याच्या मापांतून निघून वजनांत जाऊं पाहतों.

हें स्थित्यंतर ‘लीलावती’च्या पोथ्यांतच उमटलेलें आहे, आणि संग्राहकांनीं याकडे अवश्य लक्ष द्यावें. कांहीं पोथ्यांच्या परिभाषेंत दोन अधिक श्लोक आढळतात. ते मूळचे नसून मागाहून घुसडलेले आहेत. एकांत ७२ टंकांचा शेर व ४० शेरांचा मण सांगून, धान्यादिकांच्या तोलण्यांत ही तुरुष्कांची संज्ञा होय, असें म्हटलें आहे. दुसऱ्यांत पांच शेरांची धडी व आठ धड्यांचा मण सांगितला असून ती व्यवस्था आलमगीरशाहाच्या नांवावर घातली आहे. दुसरा श्लोक औरंगजेबाच्या राज्यारोहणापूर्वींचा, म्हणजे इ. स. १६५८ च्या आधींचा, असणें शक्य नाहीं. म्हणून ज्या पोथींत तो मूळ हातानें लिहिलेला आहे ती पोथीहि त्या सनाच्या अलीकडचीच होय. कालनिर्णयाचें हें साधन प्रक्षिप्त म्हणून टाकून देण्याजोगें नाहीं. शिवाय त्या श्लोकांचा आशय असा कीं, धान्य आतां तोललें जाऊं लागलें होतें, आणि खारी-द्रोणांच्या मालिकेशेजारीं तोलाची मालिका लिहून ठेवण्याची गरज कोणास तरी वाटली होती. दोन मालिका शेजारीं आल्या. त्यांना जोडणारा अंक मात्र त्या लेखकानेंहि दिला नाहीं.

मराठी कागदांत हाच घोटाळा ‘खंडी’ या शब्दानें अधिक वाढविला आहे. मोल्सवर्थच्या कोशांत खंडी हें वजनहि आहे आणि मापहि आहे. मेंढरांच्या खंडींत तर तोलहि नाहीं व मापहि नाहीं. ती नुसती विसांची मोजणी. वजनाच्या खंड्याहि एक नव्हत : मुंबईचा मण २८ पौंडांचा व खंडी ५६० पौंडांची, म्हणजे २५४ किलोग्रॅमांची, कापसाची खंडी ७८४ पौंडांची, आणि कापसाच्या बाजारांत ३५५.६२ किलोग्रॅमांची ती खंडी अजूनहि चालते. मापाच्या मणांत कोठें १२ पायल्या, कोठें १६. असें असतां जुन्या कारकुनांनीं आपल्याकडून सावधगिरी बाळगली होती. धान्याच्या आंकड्यापाशीं ते ‘कैली’ असा शब्द घालीत. कैली म्हणजे मापानें भरलेलें. हा एक शब्द साऱ्या प्रश्नाचा निकाल लावतो. म्हणून कागद छापतांना ‘कैली’ हा शब्द अनावश्यक समजून गाळणें, किंवा सारांशांत केवळ ‘खंडी’ एवढेंच ठेवणें, हा संपादनाचा गंभीर दोष आम्ही समजतों.

या दोषाचें मोल किती, तें निडीसारख्या भातगांवच्या एका कल्पित हिशेबावरून दाखवितों. समजा, कागदांत कैली १० खंडी भात आहे आणि त्याचे तांदूळ किती झाले असतील हें काढावयाचें आहे. भात कांडलें म्हणजे वजनाचे सुमारें दोन तृतीयांश तांदूळ उरतात, हें सर्वश्रुत आहे. तेव्हां पुष्कळ वाचक ६ पूर्णांक २ तृतीयांश खंडी तांदूळ, असें उत्तर देतील. परंतु दोन तृतीयांश हें प्रमाण वजनाचें आहे, मापाचें नाहीं. खरा हिशेब असा : १० ला भाताच्या घनतेनें, ०.५७५ नें, गुणिलें म्हणजे ५.७५, त्याचे दोन तृतीयांश ३.८३, आणि हें वजन पुन्हा मापांत आणण्यासाठीं तांदुळाच्या घनतेनें, ०.८० नें, भागिलें म्हणजे ४.७९. अर्थात् तांदूळ कैली पावणेपांच खंडींच्या आसपास. पहिलें उत्तर जवळजवळ दोन खंडींनीं, म्हणजे शेंकडा चाळिसांनीं, फुगलेलें आहे. भात मापून घातलें तर तांदूळ मापानें निम्म्याच्या आसपास येतात, हें जात्याशीं व उखळाशीं वावरलेल्या गृहिणीस सांगावें लागत नाहीं. तिचें निम्में आणि गिरणीवाल्याचे दोन तृतीयांश हीं दोन्ही खरीं आहेत. त्यांच्यामधील अंतर घनतेचें आहे. हें न जाणतां गांवच्या लोकांच्या पोटास किती मिळत होतें, किंवा वसुलाचा भार किती होता, यावर जे सिद्धान्त बांधले जातात, त्यांत चाळीस टक्क्यांची चूक आरंभापासूनच मुरलेली असते. तेवढ्या चुकीनें टंचाईचें सालहि सुबत्तेचें दिसूं लागेल.

आणखी एक सूक्ष्म बाब. माप सपाट भरलें कीं शिगेचें, याचाहि विचार केला पाहिजे. आणि येथें ‘लीलावती’चा तो उताराचा नियम अनपेक्षितपणें कामीं येतो. पायलीच्या तोंडावरची शीग ही एक लहानशी रासच होय. भाताची रास परिघाच्या नवव्या भागाइतकी उंच चढते असें धरिलें, तर ज्या भांड्याची उंची तोंडाच्या व्यासाइतकी आहे त्यावर शिगेनें सुमारें साडेअकरा टक्के भात अधिक बसतें. तोच व्यास ठेवून भांडें निम्म्या उंचीचें केलें कीं हें प्रमाण दुप्पट होऊन तेवीस टक्क्यांवर जातें. म्हणजे दोन पायल्या पाण्यानें सारख्या भरत असल्या तरी, पसरट तोंडाची पायली शिगेनें भात अधिक घेते. घेतांना एक भांडें आणि देतांना दुसरें, एवढ्यानेंच कोणाचें किती नुकसान होत असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी. माप ठोकून भरलें कीं हलक्या हातानें ओतलें, भात वाळलेलें होतें कीं दमट, यांनींहि घनता कमीजास्त होते. म्हणून घनतेचा अंक दोन मर्यादांच्या मध्यें सांगावा. दशांशाच्या चार स्थळांपर्यंत नेमकेपणाचा आव आणूं नये.

यावर कोणी म्हणेल, ज्या कारकुनास घनता हा शब्दहि माहीत नव्हता, त्याच्या कागदास हें भौतिकशास्त्र कशाला चिकटवावें? आमचें उत्तर असें कीं, जो मापांतच राहतो त्यास घनतेची गरज नाहीं. आणि भास्कराचार्यांचें मौन याच अर्थानें दोष नसून शुद्धता आहे. त्यांनीं घनफळाचा प्रश्न घनफळांतच सोडविला. परंतु जो मापांतून वजनांत जातो, त्यास घनता चुकवितां येत नाहीं. त्यानें ती उघडपणें सांगितली नाहीं, तर ती नकळत गृहीत धरलेली असते. कैली खंडीस ७४६ किलोग्रॅम म्हणणारानें घनता मानलेलीच आहे; फक्त ती कोणत्या जिन्नसाची, हें त्याचें त्यासच ठाऊक नाहीं.

तेव्हां आमची सूचना तीन शब्दांत सांगण्यासारखी आहे : मूळ, माप, मर्यादा. मूळ आंकडा ‘कैली’ या शब्दासह जसाचा तसा छापावा. रूपांतर केल्यास कोणत्या मापानें व कोणती घनता धरून केलें तें त्याच ओळींत सांगावें. आणि उत्तर वरच्या व खालच्या मर्यादेसह द्यावें. संग्राहकांस एक वेगळी विनंति आहे. १९५६ च्या कायद्यानें दशमान मापें आलीं, आणि जुन्या पायल्या, शेर, मापटीं माळ्यावर गेलीं; पुष्कळ मोडींतहि गेलीं. ज्या घरांत अशीं भांडीं अजून आहेत तेथें त्यांच्यावरील शिक्का व अक्षरें उतरून घ्यावीं, तोंडाचा व्यास व उंची मोजावी, आणि पाण्यानें भरून तोलावें. तांब्या-पितळेच्या भांड्यास यानें कांहीं इजा होत नाहीं. लांकडाच्या मापांत मात्र पाण्याऐवजीं मोहरी भरून ती दुसऱ्या मोजक्या भांड्यांत ओतावी. तसेंच पोथ्यांच्या शेवटीं व वह्यांच्या कोऱ्या पानांवर जीं मापांचीं कोष्टकें उतरलेलीं असतात, तीं ग्रंथाचा भाग नव्हत म्हणून सूचींतून वगळूं नयेत. पेण, नागोठणें, निडी, रोहें एवढ्या एका पट्टींतील चार-सहा जुनीं मापें जरी अशा रीतीनें तपासून प्रसिद्ध झालीं, तरी त्या भागांतील कागदांच्या वाचनास आज नसलेला पाया मिळेल. तोंपर्यंत खंडीचे किलोग्रॅम करण्याची घाई न करणें, हेंच संशोधनाच्या दृष्टीनें इष्ट होय.